शहाणपण पांघरून पेडगावला

माझं आजोळ पेडगाव. एवढं सांगितलं की पुण्यातला माणूस गालातल्या गालात हसतो आणि विचारतो, "मग वेड पांघरूनच जात असाल!" मला दर वेळी खुलासा करावा लागतो. म्हणीतलं पेडगाव नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी. तिथं बहादूरगड आहे. मराठ्यांनी मुघल सुभेदार बहादूरखानाला हूल देऊन गडाबाहेर काढलं आणि मागच्या मागं खजिना नि घोडे लांबवले, अशी गोष्ट त्या पेडगावची सांगतात. आमचं पेडगाव परभणी तालुक्यातलं. परभणीहून मनमाडकडं गाडी सुटली की थोड्याच वेळात त्याचं स्टेशन येतं. एक्स्प्रेस गाड्या त्याच्याकडं ढुंकूनही न बघता जातात, पॅसेंजर तेवढी थांबते. त्या म्हणीशी आमच्या गावाचा काडीचा संबंध नव्हता. २०१८ च्या दिवाळीत मी गेलो आणि तो जोडून आलो. फरक इतकाच की मी वेड पांघरलं नव्हतं. शहाणपण पांघरलं होतं, आणि ते अंगावरून उतरायला पुढचा वैशाख उजाडला.

माझी पात्रता आधीच सांगतो. एमएस-सीआयटी पास, आणि पुण्यात एका कचेरीत कॉम्प्युटरवर नोंदी भरायचं काम. गावात मात्र 'कॉम्प्युटर' हा शब्द एकदा नावाला चिकटला की टीव्हीचा रिमोट, मोटारपंपाचा स्टार्टर आणि पोराला दहावीनंतर कुठं घालावं, हे तिन्ही प्रश्न आपल्याच दारात येतात. मीही कुणाला परत पाठवत नाही. सगळ्या बिघाडांवर माझ्याकडं दोनच औषधं आहेत. पहिलं, बंद करून चालू करा. त्यानं उतार पडला नाही तर दुसरं, काढून टाका आणि परत टाका. दहातल्या आठ जणांना गुण येतो. उरलेल्या दोघांतले एक माझे मामा.

मामांचं किराणा दुकान आहे. पत्र्याचं, पुढं ओटा, आत साखरेचे कट्टे, सरकी पेंड, गोडेतेलाचे डबे आणि गल्ल्याशेजारी लाल कापडी पुठ्ठ्याची, दोरीनं बांधलेली लांबोडकी वही. गावाची अर्धी खरेदी त्या वहीत व्हायची. माणूस सौदा घ्यायचा, "मांडा" म्हणायचा आणि निघायचा. मामा रक्कम मांडायचे आणि पुढं तारीख न घालता वायदा लिहायचे: 'सोयाबीन झाल्यावर', 'कापूस इकल्यावर', 'पोरगं पुण्याहून आल्यावर'. काही नावांपुढं एक बारीकसं वाटोळं काढलेलं असायचं. मी ते बघितलं होतं, पण म्हाताऱ्या माणसाचा हात चाळा करतो म्हणून सोडून दिलं होतं. हे वाटोळं पुढं येणार आहे, लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

मामांच्या घरात पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यात त्यांच्या आजोबांच्या निजामाच्या काळातल्या वह्या आहेत. मोडी अक्षर, बोरूचं वळण, काजळाची शाई, रकमा हाली सिक्क्यात. कडा कसरीनं खाल्ल्यात, पण शाई अजून कालच्यासारखी काळीभोर आहे. ती ट्रंक मी लहानपणापासून पाहत होतो. असलं काही पाहूनही शहाणपण कसं येत नाही, याचा नमुना म्हणून मला कुणीही न्यावं.

तर त्या दिवाळीत ओट्यावर बसून मी मामांना विचारलं, "मामा, वही जळाली तर?"

"आजवर जळाली न्हाई."

"भिजली तर? उंदरानं खाल्ली तर?"

"आरं, ट्रंकंतल्या खाल्ल्या न्हाईत, ही कामून खाईल?"

"पण समजा, खाल्ली तर?"

सल्ला देण्याचा धंदा या 'समजा'वर चालतो. ज्याला काही दुखत नाही त्याला आधी दुखणं द्यायचं, मग औषध. मामा नुसत्या उंदराला बधेनात, तेव्हा मी जीएसटी काढला. १ जुलै २०१७ पासून तो लागू झालाच होता. "आता सरकार सगळा हिशेब मागणार," असं मी आवाज खाली करून सांगितलं. खरं म्हणजे त्या वेळी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची होती, २०१९ मध्ये मालाच्या व्यापाऱ्यांसाठी ती ४० लाख झाली, आणि मामांचं दुकान पहिल्या मर्यादेच्याही बरंच अलीकडं होतं. पाच मिनिटांत कळण्यासारखी गोष्ट होती. पण सल्ला देणाऱ्यानंच चौकशी करायची म्हटल्यावर सल्ला द्यायचा कुणी?

मामांनी फार ताणलं नाही, त्याला आणखी एक कारण होतं. आमच्याकडं मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. ज्याच्या पाया पडायचं त्याला "तुला काय कळतंय" कसं म्हणणार? आमच्या भागातली कितीतरी दुकानं, शेतं आणि सोयरिकी या एका रीतीपायी भाच्यांच्या तावडीत सापडली असतील.

७ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन. नोटाबंदीला दुसऱ्या दिवशी दोन वर्षं होणार होती. पाटावर दर वर्षी नवी वही असते, त्या वर्षी उधारी मांडायचं अ‍ॅप टाकलेला माझा जुना मोबाइल आणि ब्लूटूथवर चालणारा दोन इंची पावतीचा प्रिंटर होता. प्रिंटर मामांच्या पैशानं, मोबाइल माझ्याकडून आहेर. मामींनी श्रद्धेनं दोघांना हळदकुंकू वाहिलं आणि प्रिंटरच्या कागद निघायच्या फटीत अक्षता टाकल्या. रात्री साडेअकरापर्यंत मी गोधडी शिवायच्या सुईनं तांदूळ काढत होतो. पहिली पावती निघाली ती गुलाबी. मामी म्हणाल्या, "शकुन चांगला हाय." वही ट्रंकेत गेली.

मग नोंदी चढवणं. यात मी स्वतःला उस्ताद समजतो, पोट त्याच्यावरच आहे. पण त्या अ‍ॅपला प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव आणि मोबाइल नंबर हवा होता. नावात पहिली ठेच. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात 'बालाजी' म्हणून हाक मारा, अर्धी गल्ली वळून बघते. वहीत ते सगळे नीट वेगळे होते: बालाजी टेशन, बालाजी काळी म्हैस, बालाजी मोठ्या आवाजाचा. मला हे अडाणीपणाचं वाटलं. मी म्हैस आणि आवाज गाळून सतरा बालाजी भरले. त्यातही निम्मे मराठीत आणि निम्मे, कंटाळा आल्यावर, इंग्रजी अक्षरांत. मराठीत शोधलं की इंग्रजीतले दडी मारायचे, इंग्रजीत शोधलं की मराठीतले. (काहीही भरा, एकाच लिपीत भरा. हा सल्ला मी हल्ली फुकट देतो, कुणी घेत नाही.)

नंबरांची तऱ्हा आणखी वेगळी. एका घरात एक फोन, तो थोरल्या पोराच्या खिशात, आणि पोरगं दिवसभर परभणीला. काही म्हाताऱ्यांकडं फोनच नव्हता. अ‍ॅप रिकामी जागा घेईना, म्हणून त्यांच्या नावापुढं मी माझाच नंबर टाकला. पुढं पुण्यात कचेरीत बसल्या बसल्या मला दर महिन्याला तेवीस जणांची उधारी फेडण्याच्या सूचना येऊ लागल्या. साहेबांनी एकदा माझ्या फोनकडं नजर टाकली आणि त्यानंतर माझ्याशी जरा मायेनं वागायला लागले.

वायद्यांना अ‍ॅपमध्ये रकाना नव्हता. 'सोयाबीन झाल्यावर' ही काय तारीख आहे? मी सगळ्यांना सरसकट तीस दिवस लावले. आधीच्या आठवड्यात, ३१ ऑक्टोबरला, राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि मराठवाड्याचा बराच भाग त्यात होता. ओट्यावर बसून लोक त्याच गोष्टी बोलत होते, कुणाच्या सोयाबीनचा काय उतारा पडला, कापसाची दुसरी वेचणी होते की नाही. मी त्यांच्या पुढ्यातच बसून त्यांच्या नावांवर तीस दिवस लावत होतो.

आणि ते वाटोळं. त्यालाही रकाना नव्हता. सोडून दिलं.

आता पावत्या. प्रत्येक उधारीची छापील पावती निघणार, एक गिऱ्हाइकाला, एक दुकानात. शाई लागत नाही, याचं मामांना फार अप्रूप. मी छाती पुढं काढून समजावलं, हा कागदच तसा आहे, त्याच्यावर एक लेप असतो, उष्णता लागली की काळा होतो. इतकं माहीत असताना पुढचं पाऊल एखाद्या शेंबड्या पोरानंही टाकलं असतं: जो कागद उष्णतेनं काळा होतो तो परभणीच्या उन्हाळ्यात काय करील? मी ते पाऊल टाकलं नाही. उलट पावत्या खराब होऊ नयेत म्हणून परभणीहून प्लास्टिकची पाकिटं आणली आणि गावाला वाटली. त्या मऊ प्लास्टिकमधली द्रव्यंच या छपाईला खाऊन टाकतात, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. म्हणजे उंदराची भीती मी घातली, आणि उंदीरही मीच वाटले, एकेक घराला एकेक.

महिन्यानं अ‍ॅपनं आपणहून सगळ्यांना संदेश धाडला. मजकूर मूळचा इंग्रजी, त्याचं मराठी यंत्रानं केलेलं: 'प्रिय ग्राहक, तुमची शिल्लक रु. १,१७०. कृपया त्वरित निकाली काढा. ही अंतिम आठवण आहे.'

शिल्लक! ज्याला मराठी येतं त्याला 'तुमची शिल्लक' म्हणजे काय ते विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढं माणसं. एक आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "माझे बाराशे शिल्लक हायत म्हणं तुमच्याकडं. पोरानं वाचून दावलं. द्या बरं, खताला लागूलालेत." त्यांच्यामागं आणखी सहा-सात. मामांनी मला फोन लावला. मी म्हणालो, "मामा, त्याचा अर्थ बाकी असा आहे." मामांनी फोन बाजूला धरून त्यांना तसं सांगितलं. पलीकडून आजोबांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "बाकी आसती तर बाकी म्हनला नसता का? शिल्लक कामून म्हनला?" यावर तंत्रज्ञानाकडं उत्तर नव्हतं. मामांनी सगळ्यांना चहा पाजला. दोघांनी जाताना साखर नेली आणि सवयीनं "मांडा" म्हणाले.

एका घरी त्या दिवशी तेरवी होती. तिथंही 'अंतिम आठवण' पोचली. वाटोळ्याचा अर्थ मला तेव्हा मामींकडून कळला. ज्याच्या घरात दुखणं, मयत, नापिकी असेल, त्याला आपणहून मागायचं नाही, असं ते वाटोळं होतं. वहीतला सगळ्यांत महत्त्वाचा रकाना मी चाळा समजून गाळला होता. मामा स्वतः त्या घरी जाऊन बसून आले. मला काही बोलले नाहीत. मी भाचा.

पण खरा तडाखा सेलूला बसला. मामेबहिणीची सोयरीक सेलूला ठरली होती, साखरपुडा नुकताच झालेला. त्या दिवशी पाहुण्यांकडचे नारळ आणि पेढे कमी पडले म्हणून ऐन वेळी मामांच्या दुकानातून गेले होते. मामांनी ते वहीत लिहिलं होतं, 'पाहुणे सेलू, नारळ ११, पेढे २ किलो'. वसुलीसाठी नव्हे. लग्नात मानपान करताना आपल्याकडून काय गेलं होतं याची आठवण राहावी म्हणून. वहीत येणं लिहितात तसं देणं-घेणं, आहेर, उपकारसुद्धा लिहितात, हे मला ठाऊक नव्हतं. मी बाजारभावानं आकडा बसवला, बाकीत टाकला आणि होणाऱ्या व्याह्यांना, सेवानिवृत्त मुख्याध्यापकांना, त्यांची अंतिम आठवण गेली.

मास्तरांना मराठी उत्तम येत असल्यामुळं प्रकरण चिघळलं. त्यांनी फोन केला नाही. परभणीला येणाऱ्या एका माणसाच्या हाती पाकीट पाठवलं. आत ११७० रुपये, मोजून, आणि चिठ्ठी: 'शिल्लक व आठवण या दोन्ही शब्दांचा प्रयोग तपासून घ्यावा.' मामा, मामी आणि गावातले दोन वडीलधारे जीप करून सेलूला गेले. परत आल्यावर मामींनी फोनवर मला एवढंच सांगितलं, "मोडता मोडता राह्यली." मास्तर आजही लग्नकार्यात भेटले की हात जोडून म्हणतात, "काय, आमची आठवण येते की नाही?"

इतक्यावर थांबावं की नाही? मी त्याच संक्रांतीला क्यूआर कोड लावला. हा ठिपक्यांचा चौकोन १९९४ मध्ये जपानात मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला काढलेला. त्याची रचनाच अशी की थोडा भाग मळला, फाटला तरी वाचता येतो. मामांच्या कोडावर तेलाचं बोट उठलं, हळद सांडली, तरी तो चालत राहिला. त्या सगळ्या खटाटोपातला हाच काय तो गुणी. खोट माझ्याकडून. यूपीआयला बँकेत नोंदवलेलाच मोबाइल नंबर लागतो, मामांच्या खात्याला नंबर जोडलेला नव्हता, आणि त्यासाठी परभणीला शाखेत जाऊन एक अर्ज भरायचा होता. मी म्हटलं, तात्पुरता माझाच लावू. तीन महिने गावानं तुरीची डाळ घेतली आणि पैसे पुण्यात जमा झाले. मी ते दर पंधरा दिवसांनी पाठवत होतो, पै न पै. पण ओट्यावर बोलणं सुरू झालंच: "मामाचं दुकान, भाच्याचा गल्ला." पुढं एकानं दुकानात फोन करून "पैसे घ्यायला पिन टाका" असंही सांगितलं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, लागतो तो द्यायला. मामा फसले नाहीत, कारण मी त्यांना पिनच शिकवला नव्हता. माझ्या अर्धवटपणाचा दुकानाला झालेला एवढाच फायदा.

वैशाखात, भर दुपारी, मामांचा फोन. "भाचा, ह्ये उघडंना." मोबाइल माझा जुना. त्याची जागा माझ्याच वरातींच्या आणि सहलींच्या फोटोंनी भरलेली. मी जेवत होतो. घास खाली न ठेवता पहिलं औषध दिलं. गुण नाही. दुसरं दिलं: "काढून टाका, परत टाका." मामांनी एकेक बटण मला वाचून दाखवलं. "ह्ये इचारतंय, सगळी माहिती जाईल, चालंल का?" मी म्हणालो, "ते सगळ्यांनाच विचारतं."

परत टाकलं. उघडलं. स्वच्छ, कोरं, उंदराचा दातही न लागलेलं. 'तुमचा पहिला ग्राहक जोडा.'

माहितीची प्रत दुसरीकडं आपोआप ठेवायची सोय त्या अ‍ॅपमध्ये होती. एक टिचकी मारायची होती. दिवाळीच्या रात्री मी ती मारणारच होतो, पण तेव्हा सुईनं तांदूळ काढत होतो.

"काही हरकत नाही, पावत्या आहेत ना," मी म्हणालो आणि रात्रीच्या गाडीनं निघालो. दुकानातल्या पावत्यांचा गठ्ठा मामींनी आदरानं पुढं ठेवला. पाकिटातल्या सगळ्या पांढऱ्या. ज्या मामींनी चुलीवरच्या कोनाड्यात जपून ठेवल्या होत्या, त्या काळ्या. मधल्या रंगाची एकच निघाली, ती मी स्वतः घेतलेल्या शेंगदाण्याची होती. मी खिडकीशी जाऊन उजेडात धरल्या, तिरक्या धरल्या, फुंकर मारली. मामा गप्प बसून बघत होते. मग उठले, ट्रंक उघडली आणि आजोबांची मोडीतली वही माझ्यासमोर ठेवून बैलांना पाणी दाखवायला गेले.

दोन दिवस दुकानात मामी बसल्या. त्यांना आकडे पाठ नव्हते, प्रसंग पाठ होते. "तुमच्या सुनेच्या डोहाळजेवणाला गूळ गेला, तवा तीन किलो. त्याआधी एकादशीचा साबुदाना." बाया हो म्हणायच्या, कधी वर दोन जिनसा आठवून द्यायच्या. काळी म्हैसवाले बालाजी आपणहून येऊन बाराशे सांगून गेले. ज्याला मी सर्वांत भारी पाकीट दिलं होतं, त्या ट्रॅक्टरवाल्या बालाजींनी मात्र कोरी पावती माझ्याच हातात ठेवली. "बघा की. काही लिहिलंय का?" काही लिहिलेलं नव्हतं. किती बुडाले ते कधीच कळणार नाही, कारण किती होते तेच कुठं लिहिलेलं नाही.

आता दुकानात पुन्हा लाल वही आहे. क्यूआर कोड मामांच्या स्वतःच्या खात्याचा आहे, त्यासाठी मामी त्यांना घेऊन परभणीला गेल्या, अर्ध्या दिवसात काम झालं. पैसे आले की बोलणारा डबाही आलाय. त्याचं 'प्राप्त झाले' ऐकून मोठ्या आवाजाचे बालाजी त्याला उलट उत्तर देतात. आणि रोज रात्री दिवा लावायच्या वेळी मामी वहीच्या त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. म्हणजे वहीची एक प्रत सेलूला मामेबहिणीकडं, एक लातूरला मामेभावाकडं, एक पुण्यात. वही जळो, भिजो, उंदीर खावो. हे त्यांना कुणी शिकवलं, असं मी विचारलं. म्हणाल्या, "कोन शिकवंल? तू तर हिकडं फिरकत न्हाईस."

गेल्या दिवाळीत नव्या वहीचं पहिलं पान आलं. वर श्री, खाली स्वस्तिक, मग जुन्या बाक्या ओढून आणलेल्या. मी फोटो मोठा करून बघितला. सातव्या ओळीत मामांच्या अक्षरात माझं खातं होतं: 'भाचा पुणे, प्रिंटर १, रोल १०, प्लास्टिक पाकिटं, सेलू जीपभाडं.' रकमेपुढं वाटोळं नव्हतं. वायदा लिहिलेला होता: 'अक्कल आल्यावर.'